पिकवलेला आंबा, पिकवलेला कांदा: 'पिकवणे'चा नेमका अर्थ काय धरायचा?

लेबलवाली

नमस्कार मंडळी. मी पॅकेजिंगच्या मजकुराचं काम करते, म्हणजे खोक्यावर नाहीतर पिशवीवर ज्या दोन-चार ओळी मराठीत असतात त्या. सध्या आंब्याच्या पेटीचा मजकूर चाललाय आणि क्लायंटनी दिलेली ओळ आहे "नैसर्गिक पद्धतीने पिकवलेले आंबे". वाचायला खटकत काही नाही, पण मी त्यांना विचारलं की तुम्हाला यातून सांगायचंय काय? झाडाला रासायनिक खत-औषध घातलं नाही असं, की आंबे उतरवल्यावर पावडर न लावता पिकवले असं? तर म्हणाले, दोन्ही घ्या की, लोकांना कळतं. मला तरी नाही वाटत लोकांना कळतं.

आणि मग डोक्यात किडाच वळवळायला लागला. शेतकरी कांदा पिकवतो, गहू पिकवतो, पण "पिकलेला कांदा द्या" असं कोणी म्हणत नाही, "पिकलेली भेंडी" म्हटलं तर भाजीवाला हसेल. मग कांद्याच्या बाबतीत पिकतं तरी काय? आणि फळ खायच्या लायक झालंय एवढंच सांगायचं असेल तर पिकलेलं, पक्व, परिपक्व, पाडाचं, तयार यातलं कुठलं घ्यायचं? शब्दकोशात पिकणेपुढे "पक्व होणे" दिलंय आणि पक्वपुढे "पिकलेला", फिरून परत तिथंच. रोजच्या बोलण्यात तुम्ही काय म्हणता ते सांगा, पुस्तकी नको.

बांधकरी

ताई, तुमच्या क्लायंटचं वाक्य बरोबर पण आहे आणि लबाड पण आहे.

रानात जे येतं ते सगळं आम्ही पिकवतोच, मग ते मातीच्या खाली येवो नाहीतर वर. "यंदा काय पिकवलं?" असं कोणी विचारलं की कांदा, सोयाबीन, हळद काय पण सांगा, चालतं, कारण तिथं पिकवणं म्हणजे पीक घेणं. आणि पिकलेला कांदा म्हणत नाहीत हे अर्धंच खरंय बरं का, "आमच्याच रानात पिकलेला कांदा आहे, न्या बिनघोर" असं सर्रास म्हणतो. फक्त त्याच्या आधी रान लागतं, साल लागतं, काहीतरी लागतं. नुसतं पिकलेला म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यापुढं फळच येणार.

आता कांदा झाला हे आम्ही कसं ओळखतो आणि काय म्हणतो, तर "माना पडल्या". पात मानेपाशी मऊ होते आणि आडवी पडते, निम्म्या रानाच्या माना पडल्या की काढायचं बघायचं. त्याच्या आधी कांदा पोसत असतो. ज्वारीचं तर विचारूच नका, पोटरीत आली, निसवली, दाणा दुधात आला, चिकात आला, हुरड्यात आली, मग टणक झाली की काढणीला आली, इतक्या पायऱ्या आहेत आणि त्यात पिकणे कुठंच नाही. ऊस तोडीला येतो. कापूस फुटतो आणि वेचणीला येतो. हरभऱ्याचे घाटे भरतात. द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरतं, म्हणजे तोपर्यंत गोटीसारखा टणक असलेला मणी मऊ पडायला लागतो आणि तिथून पुढं साखर भरते, बागायतदाराला विचारा, तो "पाणी उतरलं" हेच म्हणेल. सीताफळाचे डोळे उघडतात, खवल्यांच्या मधली फट रुंद होऊन आत पिवळसर दिसायला लागलं की तोडायचं. चिंच गाभुळते. गाभुळलेली म्हणजे धड कच्ची नाही धड पिकलेली नाही, टरफल आतून सुटं झालेलं असतं पण गर अजून पुरता लाल-काळा झालेला नसतो, आणि खरं सांगू का तीच खायला सगळ्यात भारी.

तर मला काय म्हणायचंय, की पिकणे हा मोठा घमेल्यासारखा शब्द आहे, सगळं मावतं त्यात. बारीक सांगायचं असलं की ज्या त्या मालाचा स्वतःचा शब्द असतो.

भेंडीचं कोडं सोपं आहे. भेंडी, गवार, दोडका, काकडी आपण कोवळं असताना खातो, झाडाच्या हिशोबानं ते फळ अजून बाळच असतं. ते पिकू दिलं तर जून होतं, निब्बर होतं, काकडी पिवळी पडते, मग ती बियाण्यालाच. म्हणून पिकलेली काकडी ही तक्रार आणि पिकलेला पेरू हे कौतुक.

चहाटळ

निब्बर! कित्येक वर्षांनी हा शब्द वाचला. आमच्याकडं माणसांनाच जास्त वापरतात.

जुना_खडू

लेबलवाली यांनी पुस्तकी नको म्हटलंय तरी थोडं पुस्तकी सहन करा, कारण कांद्याचं उत्तर तिथंच आहे.

मूळ धातू पच्, म्हणजे शिजवणे. पाक, पचन, पक्वान्न सगळी त्याचीच पिलावळ. संस्कृतात शिजलेला भातही पक्व आणि झाडावरचं फळही पक्व. हिंदीनं ते तसंच ठेवलं, खाना पकता है, आम भी पकता है. मराठीनं मात्र वाटणी केली, चुलीवरचं काम शिजणेकडे गेलं आणि झाडावरचं पिकणेकडे. म्हणून आपल्याकडे "भात पिकतो" आणि "भात शिजतो" ही दोन निराळी वाक्यं होतात, एक शेतातलं आणि एक पातेल्यातलं. हिंदीवाल्याला ही सोय नाही.

आता पकणे न होता पिकणे का झालं, तर हा इकार प्राकृतातला आहे. हेमचंद्रानं 12व्या शतकात जे प्राकृत व्याकरण लिहिलं त्यात एक सूत्रच आहे, की पक्व, अंगार आणि ललाट या तीन शब्दांत पहिल्या अ चा विकल्पाने इ होतो. पक्क किंवा पिक्क, अंगार किंवा इंगाल, आणि ललाटाचं णिडाल. गंमत बघा, मराठीनं तिन्ही ठिकाणी इकारवाली रूपं सांभाळली. पिक्कचं पिकणे, इंगालचा इंगळ, आणि णिडालचं निढळ, तेच ते निढळाच्या घामातलं. सूत्रात शेजारी बसलेले तीन शब्द आज एकमेकांना ओळखतही नाहीत. पक्का हा पण त्याच घरातला, पण त्यातला जोड क टिकलाय त्यावरून तो हिंदीच्या वाटेनं आलेला दिसतो.

आता कांदा. पिकण्याचा अर्थ फळावरून धान्यावर जाणं हे काही मराठीनं केलेलं नाही, पाणिनीकडेच "कृष्टपच्य" शब्द आहे, नांगरलेल्या जमिनीत पिकणारं ते कृष्टपच्य. म्हणजे शेतातलं धान्य पिकतं, कणसात दाणा तयार होतो, इथपर्यंत अर्थ फळासारखाच होता. पुढे जे पिकतं ते पीक हे नाम झालं, नाम झाल्यावर ते मालाला चिकटलं, मालाच्या अवस्थेशी त्याचा संबंध सुटला. उभं पीक, पीक विमा, पीक कर्ज, यात कुठे काही पिकलेलं असायची गरज नाही. मग त्या नामाच्या अंगानं पिकणे म्हणजे पीक म्हणून येणे, पिकवणे म्हणजे पीक म्हणून घेणे. कांदा या दुसऱ्या अर्थानं पिकतो. आंबा दोन्ही अर्थांनी पिकतो, आणि तुमची अडचण एवढीच आहे की पेटीवर नेमका आंबा आहे.

चहाटळ

म्हणजे गुरुजी, "हिरवंगार पीक" म्हणजे न पिकलेलं पिकलेलं. आणि पिकदाणीत काय पिकतं ते पण सांगून टाका.

जुना_खडू

पिकदाणीतली पीक वेगळी, ती पानाची, आपण पिंक टाकणे म्हणतो तीच. ती पीक आणि हे पीक. लिंगावरून ओळखावं आणि लांब उभं राहावं.

चेंबरवाला

मी रायपनिंग चेंबरवर काम करतो, केळी आणि सीझनला आंबे. आमच्याकडं या गोंधळामुळं रोज भांडणं होतात म्हणून लिहितोय.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि मराठीत दोन्हीला पिकलेलं म्हणून मोकळे होतात. एक, फळ झाडावर पूर्ण वाढलंय, आता तोडलं तरी पुढं आपलं आपण पिकेल. याला शेतीखात्याची माणसं पक्व किंवा परिपक्व म्हणतात आणि आमच्या लाईनीत आम्ही "तयार माल" म्हणतो. आंब्याचे खांदे देठाच्या वर येतात, देठापाशी खळगा पडतो, तो तयार. केळीच्या कडा जाऊन गोलाई येते, ती तयार. पण दोन्ही हिरवीगार आणि दगडासारखी टणक असतात, चावाल तर दात आंबतील. दुसरी गोष्ट म्हणजे खरं पिकणं, आत पिठाची साखर होते, आंबटपणा उतरतो, गर सैल पडतो, सालीचा हिरवा जाऊन पिवळा येतो, वास सुटतो.

ही दुसरी गोष्ट तोडल्यावर होणारी फळं वेगळी आणि न होणारी वेगळी. आंबा, केळी, पपई, चिकू, सीताफळ, टोमॅटो ही तोडून ठेवली तरी पिकतात. द्राक्ष, डाळिंब, संत्रं, अननस तोडलं की खेळ खलास, आहे तेवढंच गोड राहणार, ठेवून फक्त सुकेल नाहीतर सडेल. लोक डाळिंब आणून तांदळाच्या डब्यात पिकायला ठेवतात, काय बोलणार.

जी पिकतात ती इथिलीन वायूमुळं पिकतात, आणि तो फळ स्वतःच सोडतं. एक पिकायला लागलं की त्याच्या वायूनं शेजारचं उठतं. आढी घालण्यामागं तेच आहे, गवतात दाबून ठेवलं की ऊब पण राहते आणि वायू पण कोंडतो. चेंबरमध्ये आम्ही तोच वायू बाहेरून देतो, 100 पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग, द्यायला परवानगी आहे, आणि केळीला तापमान साधारण 16 ते 18 अंश धरतो. कार्बाइड, म्हणजे ताई म्हणतात ती पावडर, ही निराळी भानगड, त्यातून अॅसिटिलीन निघतो, वर आर्सेनिक-फॉस्फरसचा अंश असू शकतो, म्हणून त्याला बंदी आहे, 2011 च्या अन्नसुरक्षेच्या नियमांतच आहे ते.

आणि वायू कुठलाही द्या, माल तयार नसताना तोडला असेल तर साल पिवळी होते आणि आत बेचव. गिऱ्हाईक म्हणतं आंबा पिकवलाय पण पिकला नाही. ऐकायला उलटंसुलटं वाटतं पण माणूस एकदम बरोबर बोलत असतो.

तर "नैसर्गिक पद्धतीने पिकवलेले" यात आढीचा पण बसतो, चेंबरवाला पण म्हणेल माझा वायू फळातलाच आहे, आणि सेंद्रिय बागेतून आणून कार्बाइड लावणारा पण पहिल्या अर्थानं खरं बोलला म्हणून हात झटकेल.

मोरावळा

सगळे शेतात आणि गोडाऊनमध्ये अडकलेत, घरातलं पिकणं कोणी लिहिलंच नाही.

केस पिकतात. कच्चे केस म्हणत नाही कोणी, पण पिकतात मात्र. गळू पिकतं, आमची आजी म्हणायची पिकू दे, पिकल्याशिवाय हात लावू नको, तिथं पिकणं म्हणजे पू धरून तोंड करणं. सुकायला लागलेलं पिवळं पान पिकतं आणि त्यावरून म्हातारं माणूस म्हणजे पिकलं पान, कधी गळेल सांगता येत नाही. हशा पिकतो. खसखस पिकते, आणि याच्यात खसखशीचा दाणा पण नसतो, चार बायका तोंडाला पदर लावून हसल्या की झाली खसखस पिकून. कंड्या पिकतात, म्हणजे पिकवणारे पिकवतात. सुपीक डोकं असतं, ते बहुतेक वेळा कौतुकानं म्हटलेलं नसतं. आणि पिकतं तिथं विकत नाही, यातलं पिकणं मात्र बांधकरींचं, पीक येण्याचं.

मला वाटतं या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे, आतून आपोआप होतं, बाहेरून घाई करून होत नाही. हशासुद्धा, ओढूनताणून आणला तर पिकला म्हणत नाहीत.

आणि हल्लीची मुलं "पकवू नको", "जाम पकलो" म्हणतात ते हिंदीतलं, गुरुजी म्हणाले तसं तिथं इकार नाही म्हणून लगेच कळतं. "पिकवू नको" कोणी म्हणत नाही.

पाडाचा आंबा राहिला. पाडाला आलेला म्हणजे झाडावरच पिकायला लागलेला, आता आपण होऊन पडेल असा. झाडाखाली एखाद-दुसरा पाड सापडायला लागला की समजायचं उतरवायची वेळ झाली. पेटीत भरून लांब पाठवायचा आंबा पाडाचा असूच शकत नाही, पोचेपर्यंत उतरेल. तेव्हा लेबलवाली, "पाडाचे आंबे" असलं काही पेटीवर लिहू नका, ऐकायला छान वाटतं पण जाणकार लगेच धरेल.

लेबलवाली

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मंडळी. मोरावळा, "उतरेल" म्हणजे झाडावरून नाही ना, खराब होईल असं? कारण वर आंबे "उतरवले" पण आलंय.

मोरावळा

हो. आंबे उतरवतात झाडावरून, आणि आंबा उतरतो तो ठेवून ठेवून, म्हणजे पिकण्याच्या पलीकडे जातो, साल सुरकुतते, गराला जरा आंबूस वास येतो. रस काढायला तेवढा चालतो, फोडी नाही होत.

बांधकरी

"तयार" लिहायचं असेल तर जपून. चेंबरवाल्यांचा तयार माल म्हणजे हिरवा टणक, आणि बाजारात गिऱ्हाईक "तयार आंबा द्या, आजच खायचाय" म्हणतं त्याचा तयार म्हणजे एकदम पिवळा. दोघंही बरोबर पण पेटी एकच.

लेबलवाली

बरं, मग हे बघा. पक्व आणि परिपक्व दोन्ही काढून टाकले, कारण पेटीवर ते सरकारी पत्रकासारखे दिसतात आणि चेंबरवाले म्हणतात तसं त्यांचा अर्थही वाचणाऱ्याला वेगळाच लागेल. पिकवणे एकाच बाजूला ठेवलं, शेताच्या बाजूला वेगळं क्रियापद घेतलं:

"सेंद्रिय बागेत वाढवलेले. गवताच्या आढीत पिकवलेले."

आणि खाली बारीक अक्षरात "आंबे हिरवट असल्यास घरी पिकू द्यावेत". ठेवावेत नाही, द्यावेत, मोरावळा यांच्या आपोआपवरून सुचलं. आता आढी शब्द शहरात कळेल का एवढीच शंका आहे.

जुना_खडू

गवत शेजारी आहे, कळेल. नाही कळलं तर विचारतील, बिघडलं कुठे. "वाढवलेले" चांगलं आहे, फक्त "जोपासलेले" वगैरे करायच्या मोहात पडू नका, डिझायनर लोकांना असले शब्द आवडतात.

चेंबरवाला

ओळ झकास. पण ताई, मुद्रणाला पाठवायच्या आधी एक फोन करून क्लायंटला विचारा, खरंच आढी घालतात की आमच्यासारख्याच कुणाच्या चेंबरमध्ये पाठवतात. पाठवत असतील तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण मग गवत काढा.

लेबलवाली

विचारलं. "बघून सांगतो" म्हणालेत.

चहाटळ

पिकली खसखस.